दोन पुरचुंड्या आणि अडतीस रुपये

आजी २०२४ च्या पावसाळ्यात गेली आणि तिचा पितळी डबा उघडायला मे २०२५ उजाडला, कारण मोठे काका, बाबा आणि आत्या ही तिघं भावंडं एकाच वेळी गावी यायची म्हणजे मे महिनाच लागतो. गाव दाभोळ खाडीच्या काठाला, बाजार चिपळूणचा. मी तिथेच अकाउंटची कामं करतो, त्यामुळे डब्यातल्या वस्तूंची यादी करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्या दोन दिवसांत घरात जे झालं ते मला पैशाबद्दल इतकं शिकवून गेलं की पूर्ण केस लिहून ठेवतोय, घरच्यांना विचारूनच, नावं कुणाचीच टाकत नाही.

डब्यात काय होतं ते आधी सांगतो. लाल फडक्याची एक पुरचुंडी, मळकट पांढऱ्या फडक्याची दुसरी पुरचुंडी, सोन्याची एक जुनी पुतळी (गळ्यात घालायचं सोन्याचं नाणं), आजीचं मंगळसूत्र, पाचशेच्या जुन्या आठ नोटा (२०१६ ला बंद झालेल्या), दोऱ्याने बांधलेली मनीऑर्डरची कुपनं, आणि बाबांच्या शाळेतली एक वही जिच्यात आजी सांगायची आणि मुलांपैकी कुणीतरी लिहायचं असा घरखर्चाचा हिशोब. डबा भाताच्या कणगीत तळाला असायचा, आजी गेल्यावर कणगी रिकामी केली तेव्हा सापडला.

काकांनी काय केलं, दोन्ही पुरचुंड्या सोडल्या आणि माजघरात सतरंजीवर रुपये एकत्र ओतले. मोजले, अडतीस भरले. म्हणाले, सोपं आहे, तेरा, तेरा आणि बारा, ज्याला बारा त्याला पुतळी. आणि वाटायला सुरुवातसुद्धा केली, हाताला येतील तसे.

आत्या तिथेच दारात बसली होती. ती म्हणाली, "दादा, थांब जरा. आजीने त्या दोन वेगळ्या बांधल्या होत्या, त्या कशाला एक केल्यास?"

काका म्हणाले, "अगो रुपयाच ना सगळे? चांदीचे रुपये, त्यात काय वेगळं?"

इथून वाद सुरू झाला. म्हटलं तर छोटा वाद, पण बाबांचा चेहरा मी बघत होतो, भावंडांची मनं अशाच गोष्टीवरून दुखावतात आणि मग दहा दहा वर्षं एकमेकांकडे गणपतीला जाणं बंद होतं. मी म्हटलं एक दिवस द्या मला, मी बघतो हे रुपये काय आहेत ते.

आता आत्याची आजी म्हणजे माझी पणजी. तिला मी पाहिलेली नाही, ती १९७८ ला गेली. पणजोबा गिरणगावात मिलमध्ये, आणि ती इथे. चाकरमान्यांच्या घरात जसं असतं तसंच, माणूस मुंबईत आणि मनीऑर्डर गावात. पणजीला लिहिता वाचता येत नव्हतं. नाण्यावरचं साल तिला वाचता येणं शक्यच नव्हतं. तरी तिने रुपयांच्या दोन पुरचुंड्या केल्या होत्या, आणि आत्याला आठवत होतं कशा ते. आत्या दहा-बारा वर्षांची असताना पणजीने तिला दाखवलेलं, रुपया पाट्यावर टाकायचा आणि ऐकायचं. वाटपाच्या त्या दुपारी आत्याने मागच्या पडवीतला मसाल्याचा पाटा पुसून घेतला आणि एकेक रुपया वीतभर उंचीवरून टाकत बसली. राणीछाप रुपया पडला की आवाज लांबतो, खणण्ण करून हवेत थोडा वेळ राहतो. काही रुपये पडले की ठण करून तिथेच संपतात. तिने अठ्ठावीस एका बाजूला केले, दहा दुसऱ्या बाजूला.

मग मी सालं वाचली. अठ्ठावीसमध्ये एकोणीस राणी व्हिक्टोरियाचे, एक सातव्या एडवर्डचा, तो टकल्या राजा ओळखू येतो कारण त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, आणि आठ पाचव्या जॉर्जचे. दुसऱ्या ढिगातले सहा १९४४ आणि १९४५ चे, सहाव्या जॉर्जचे. उरलेले चार १९४७ चे, मागे वाघ असलेले. फ्रिजला लावायचं मॅग्नेट घरात होतं, ते नेऊन लावलं तर वाघवाले चारही टपाटप चिकटले. चांदी मॅग्नेटला चिकटत नाही, निकेल चिकटतं. म्हणजे आत्याच्या कानाने एकही चूक केली नव्हती, आणि पणजीच्याही कानाने केली नव्हती.

खरी गोष्ट पुढे आहे. हे अडतीसही नाणी "रुपया" आहेत, अडतीसांवर रुपयाच लिहिलंय, आणि अडतीसांत तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने जो रुपया ठरवला तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. आणि १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा, नाणं आणि वजन एकच. म्हणून आपल्याकडे "रुपयाभार" हा शब्द आहे, वैद्य सांगायचा अमुक चूर्ण रुपयाभार घ्या, आणि घरात ताजव्याच्या पारड्यात खरोखर रुपया टाकून वजन करायचे, ऐंशी रुपये टाकले की एक शेर. विचार करा, ज्या पैशावर आपण भाजी घ्यायची तोच पैसा भाजी मोजायचं वजनही होता. (आता सराफ तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा, तोळासुद्धा आतून हलका झालाय, पण ते असो.)

१८३५ च्या आधी तर आपल्या किनाऱ्यावर कुठलं नाणं चालायचं ते सांगितलं तर आज खरं वाटणार नाही. इथे दाभोळला आदिलशाहीच्या काळात लारी चालायची. लारी म्हणजे चांदीची जाड तार, मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, आणि तिच्यावर शिक्का. मूळची इराणातल्या लार गावाची, समुद्रमार्गे व्यापारातून आपल्या बंदरांत आली आणि इतकी रुळली की दुसऱ्या अली आदिलशाहाने १७ व्या शतकात स्वतःच्या नावाने लाऱ्या पाडल्या. व्यापारी डोळे झाकून शिक्क्यावर विश्वास ठेवत नव्हते, लारीवर छेद मारून आतली चांदी बघायचे. मग पेशवाईत तर प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा, एका गावचा रुपया दुसऱ्या गावात द्यायचा तर सराफ आतल्या चांदीप्रमाणे काही कापून घ्यायचा, त्या कापण्याला बट्टा म्हणायचे. नावाला बट्टा लागला असं आपण आजही म्हणतो ते तिथून आलंय. म्हणजे आपल्या लोकांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं की रुपया म्हटला म्हणजे विचारायचं, कुठला? पणजीच्या पाट्यावरचा आवाज हा त्याच सवयीचा शेवटचा धागा, आणि काकांच्या पिढीला ती सवय लागायची गरजच पडली नाही कारण तोवर सगळे रुपये सारखेच झाले होते, सारखेच म्हणजे सगळेच बिनचांदीचे.

हे कसं झालं ते या पुरचुंड्यांतच दिसतं.

१८७० नंतर जर्मनीने, मग अमेरिकेने चांदीचं नाणं सोडून सोन्याचा रस्ता धरला, खाणींतून चांदी वाढत होती, त्यामुळे जगात चांदी पडली आणि चांदीबरोबर आपला रुपयाही पडला, १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे ते १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या खाली आले. तेव्हा सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आधी कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून आणू शकत होता, ते १८९३ ला संपलं. माझ्या मते आपल्या पैशाच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा दिवस तोच, १९४७ किंवा २०१६ पेक्षा मोठा, कारण त्या दिवसापासून रुपयाची किंमत चांदीने ठरायची बंद झाली आणि सरकारने ठरवायला सुरुवात केली. नाणं तेच, चांदी तीच, आवाज तोच, म्हणून गावात कुणाला कळलंही नसेल.

पहिल्या महायुद्धात उलटं झालं. चांदी इतकी चढली की रुपया वितळवला तर रुपयापेक्षा जास्त मिळायला लागलं, मग लोक खर्च कशाला करतील? रुपये मडक्यांत गेले. सरकारला नाणी पुरेनात, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला पहिल्यांदा एक रुपयाची नोट आली, पाठोपाठ १९१८ ला अडीच रुपयांची नोट. अमेरिकेने १९१८ ला कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंसांच्या आसपास चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली, एवढी टंचाई होती. पणजोबांच्या वडिलांनी त्या नोटेकडे कसं बघितलं असेल याची कल्पना करतो मी कधीकधी, आयुष्यभर आवाज ऐकून पैसा घेणारा माणूस आणि हातात कागद.

आणि मग १९४०. दुसरं महायुद्ध, फ्रान्स पडला, लोक नोटा घेऊन रुपये मागायला धावले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट परत आणली, आणि रुपयातली चांदी बारातली अकरा होती ती निम्म्यावर आणली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण आत चांदी ५.८३ ग्रॅम, बाकी तांबं, निकेल, जस्त. जुने राणीछाप आणि राजाछाप रुपये पुढच्या दोन-तीन वर्षांत चलनातून रद्द केले, आणून द्या म्हणून सांगितलं. १९४७ ला चांदी पूर्णच गेली, वाघवाला रुपया निखळ निकेलचा. त्या युद्धाच्या काळात सरकारने नोटा छापून खर्च भागवला आणि भाव दुपटीच्या पुढे गेले, बंगालमध्ये १९४३ ला माणसं उपाशी मेली त्यामागे ही महागाईही होती.

म्हणजे पणजीने सरकारचे आदेश पाळले नाहीत. चांगले अठ्ठावीस तिने परत केले नाहीत, कणगीत घातले. आणि खर्चाला काय वापरलं असेल? नवे हलके रुपये आणि नोटा. अर्थशास्त्रात याला नियम म्हणतात, वाईट नाणं चांगल्याला बाजारातून हाकलतं. पण मला त्यात नियमापेक्षा एक बाई दिसते जी अंधाऱ्या माजघरात पाट्यावर एकेक रुपया टाकून ऐकत बसलीय, आणि ठरवतेय की हा मुलांसाठी, हा मिठासाठी.

आता वाटपाकडे येतो. काकांनी हाताला येतील तसे दिले होते तेव्हा ढीग असे झालेले (मी आधीच फोटो काढून ठेवला होता म्हणून सांगू शकतो): काकांकडे तेरा, सगळे चांगले. बाबांकडे बारा, तेही सगळे चांगले. आणि आत्याकडे तेरा, त्यात तीन चांगले, सहा निम्म्या चांदीचे, चार निकेलचे. काकांच्या मनात काही नव्हतं, पांढरी पुरचुंडी आधी ओतली म्हणून ती खाली राहिली आणि शेवटचा वाटा आत्याचा आला इतकंच. चांदीत बघितलं तर काकांकडे १३९ ग्रॅम, बाबांकडे १२८, आत्याकडे ६७. रुपये सारखे आणि चांदी निम्मी! मे २०२५ ला चांदी किलोला लाखाच्या आसपास होती, म्हणजे ग्रॅमला शंभर धरा, काका आणि आत्यात सात हजारांचा फरक. रक्कम कुणाचं घर बुडवणारी नाही, पण बहिणीच्या वाट्याला हलकं आलं ही गोष्ट पुढे तीस वर्षं घरात बोलली गेली असती.

काकांना मी हे कागदावर मांडून दाखवलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मी सख्ख्या बहिणीला खोटं नाणं देत होतो की रे." मी म्हटलं काका, खोटं नाही, तेही सरकारी नाणंच आहे. हेच तर सगळं अवघड आहे यातलं.

नवीन वाटप आम्ही चांदीवर केलं. एकूण शुद्ध चांदी सुमारे ३३४ ग्रॅम, तिघांना साधारण १११ यायला हवी. एकाला दहा चांगले आणि एक हलका, ११३ ग्रॅम. दुसऱ्याला नऊ चांगले आणि तीन हलके, ११४. तिसऱ्याला नऊ चांगले आणि दोन हलके, १०८, आणि जो सहा ग्रॅमचा फरक राहिला तो सराफाकडच्या भावाने रोख. (नाणी झिजलेली असल्यामुळे प्रत्यक्ष वजन थोडं कमी भरलं, पण सगळीकडे सारखंच कमी.) वितळवायचे कुणीच नाही असंही ठरलं, कारण काही सालांना नाणी जमवणारे लोक चांदीपेक्षा जास्त देतात.

हे झालं, आणि मग संध्याकाळी वही उघडली, तिथे दुसरा जुना विषय बाहेर आला. पाटल्यांचा.

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, "आईने तेव्हा पाटल्या मोडल्या नसत्या तर आज..." आणि मग सोन्याचा आजचा भाव. काका तर प्रत्येक दिवाळीत. वहीत त्याची नोंद आहे, १९८२ चा श्रावण, "पाटल्या मोडल्या, चार हजार चारशे". तीस ग्रॅमच्या पाटल्या होत्या. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला सोळाशे-सतराशेच्या आसपास, म्हणजे हिशोबाने पाच हजारांच्या जवळ यायला हवे होते, पण मोडताना घट धरली जाते, ती सहाशेच्या आसपास गेली असणार. गळ्यातलं आणि हातातलं सोनं भावाने मिळतं आणि गरजेने जातं, घेताना मजुरी आणि विकताना घट, हे दोन्ही टोकांचं नुकसान कुणी दिवाळीला मोजत नाही.

पाटल्या मोडल्या का? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांचा, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आजोबा त्यातले एक. संप संपला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. आमच्या भागातली हजारो घरं मनीऑर्डरवर उभी होती, आणि ती एकाच महिन्यात थांबली. वहीत दिसतं ते, जानेवारीपर्यंत दर महिन्याला "म. ऑ. आली", नंतर पानंच्या पानं ती ओळ नाही. आजोबा गावी परत आले, शेत पावसाचं, घरात खाणारी सहा माणसं, आत्या दहावीला.

पाटल्या कुठून आल्या तीही गोष्ट आहे. आजीचं लग्न मे १९६३ चं. त्याच जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं होतं, नवीन दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. चीनचं युद्ध होऊन गेलेलं, परकीय चलन नाही, आणि देशात लोक सोनं काही सोडत नाहीत. हजारो सोनारांचं काम गेलं, काहींनी जीव दिले. आणि सोन्याची भूक काही गेली नाही, ती चोरट्या वाटेने समुद्रावरून यायला लागली, दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं, आणि आमच्या किनाऱ्याच्या खाड्या त्याला सोयीच्या. १४ कॅरेटचं बंधन १९६६ ला उठलं, सुवर्ण नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत होता. तर आजीचं मंगळसूत्र १४ कॅरेटचं झालं, आणि सासूला म्हणजे पणजीला ते सहन झालं नाही, तिने स्वतःच्या हातातल्या जुन्या पाटल्या उतरवून सुनेला घातल्या. सराफाच्या मशीनवर परवा मंगळसूत्राच्या वाट्या ठेवल्या तर आकडा ५८ आला, म्हणजे शंभरात ५८ भाग सोनं, रंगही जरा लालसर. एका सरकारी निर्णयाचा शिक्का आजी एकसष्ट वर्षं गळ्यात घालून फिरली. पुतळी मात्र ९८ च्या वर. पुतळी हा शब्द व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅटवरून, त्याच्यावर उभी माणसं असायची म्हणून आपल्या लोकांनी पुतळी म्हटलं, आणि व्हेनिसने ते नाणं १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षं, साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोन्याचंच ठेवलं. आमची अस्सल तिकडची की इथल्या सोनाराने तशी घडवलेली ते सराफाला सांगता आलं नाही. पण जगात असंही एक नाणं होतं ज्याच्या आतलं पाचशे वर्षं बदललं नाही, आणि म्हणूनच त्याचं नाव इथे कोकणातल्या बाईच्या गळ्यापर्यंत पोचलं.

तर पाटल्या. काकांचं म्हणणं, तीस ग्रॅम आज असते तर मे २०२५ च्या भावाने पावणेतीन-तीन लाख. (एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमने पहिल्यांदा लाखाला हात लावला, मग थोडं खाली आलं.) मी त्यांना वेगळा हिशोब करून दाखवला. १९८२ ते २००० घ्या. सोनं साडेसोळाशेवरून चव्वेचाळीसशेच्या आसपास, म्हणजे पावणेतीन पटीपेक्षा कमी. त्याच अठरा वर्षांत कामगारांचा महागाईचा निर्देशांक १०० वरून ४४० च्या आसपास गेला. म्हणजे महागाई सव्वाचार पटीच्या वर आणि सोनं पावणेतीन पट, अठरा वर्षांच्या हिशोबात सोनं हरलं होतं. जगातही तेच, जानेवारी १९८० ला औंसाला ८५० डॉलर झालेलं सोनं १९९९ ला २५५ च्या खाली होतं. आणि पोस्टाची राष्ट्रीय बचत पत्रं तेव्हा सहा वर्षांत दामदुप्पट करायची. चार हजार चारशे तिथे ठेवले असते तर अठरा वर्षांत तीनदा दुप्पट, पस्तीस हजार, आणि सोनं असतं तर तेरा हजार. २००० नंतर सोन्याने सगळं भरून काढलं आणि पुढेही गेलं, ते खरं, पण ते आजीला १९८२ च्या श्रावणात कुठून दिसणार?

अर्थात आजीने ते पैसे कुठे ठेवले नाहीतच. पुढच्या पानावर आहे ते: तांदूळ, रॉकेल, आत्याची फी, आजोबांची औषधं, बियाणं. काका ती पानं वाचत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. काका तेव्हा अठरा वर्षांचे, त्यांच्या आयटीआयचे पैसे पण त्याच यादीत होते. त्यांना माहीतच नव्हतं. त्यानंतर काका पाटल्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

रुपये तिने का विकले नाहीत? ते मला चांदीच्या भावावरून कळतं. जानेवारी १९८० ला चांदी अमेरिकेत औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली होती, हंट भावांनी साठवून साठवून चढवलेली, मार्चमध्ये कोसळली आणि जून १९८२ ला ५ डॉलरच्या आसपास होती. त्या श्रावणात अडतीस रुपये मोडून पाटल्यांएवढे पैसे काही आले नसते. आणि आजीने पाटल्या मोडल्या तसंच नऊ वर्षांनी, १९९१ ला, आपल्या देशाने केलं. परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं इंग्लंडला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं. लोकांना लाज वाटली होती त्याची. मला नाही वाटत लाजेसारखं काही. सोनं त्यासाठीच असतं, की मनीऑर्डर थांबली की घर थांबू नये.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने आणि माझ्या सगळ्या कागदी हिशोबाच्या विरुद्ध जाते, ती पण लिहितो. मनीऑर्डरच्या कुपनांवर पणजोबांच्या रकमा आहेत, १९५० च्या आसपासच्या, महिना तीस रुपये. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला शंभरच्या जवळ, म्हणजे ते तीस रुपये तीन ग्रॅम सोनं होते. मे २०२५ ला तीन ग्रॅम म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार होते, आणि आता तीस रुपयांत दोन वडापाव येतात का बघा. लाल पुरचुंडीतला एक राणीछाप मे २०२५ ला हजाराच्या वर होता. दर्शनी एका रुपयाचे ऐंशी वर्षांत हजार व्हायला वर्षाला नऊ टक्के व्याज लागतं, आणि ते कुठल्याही बँकेने ऐंशी वर्षं सलग दिलेलं नाही. आणि पाचशेच्या त्या आठ नोटा? आजीने गणपतीच्या खर्चाला बाजूला ठेवलेल्या, नोटबंदीत कुणाला सांगायला विसरली. चार हजार, आज शून्य. दहाच्या आत आहेत म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही, २०१७ च्या कायद्याने त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत.

पण २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. काकांच्या चिपळूणच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं. पोस्टाच्या पासबुकाचा अक्षरशः लगदा झाला, आणि तरी पैसे मिळाले, कारण नोंद पोस्टात होती, दुसरं पुस्तक करून दिलं. काकूची चांदीची दोन ताटं आणि वाट्या वाशिष्ठी नदीने नेल्या त्या नेल्याच. त्याची नोंद कुठेच नव्हती.

म्हणून पुढच्या वाटपाचं माझं मत विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं की तिघांनीही आपापल्या रुपयांचा फोटो, साल आणि वजन कागदावर लिहून ठेवा, आणि विम्याचं बघा. पुतळी आत्याला दिली, काका आणि बाबा दोघांनी मिळून. मंगळसूत्र माझ्या आईकडे आहे, त्याची वाटणी करायचा विषय कुणी काढला नाही.

निघायच्या दिवशी आत्याने आपले नऊ चांगले रुपये लाल फडक्यात बांधले, तीन हलके पांढऱ्यात. वाघवाले चार कुणाच्याच वाट्यात धरले नव्हते, ते काकांनी मागून घेतले. जाताना पडवीत थांबले आणि त्यातला एक पाट्यावर टाकून बघितला, मग आत्याकडून एक राणीछाप मागितला, तोही टाकला. परत एकदा टाकला. आत्या म्हणाली, "दादा, गाडी चुकेल." काका म्हणाले, "ऐकू दे गो जरा."